दोष रुमालाचा कीं एमिलियेचा?

गेल्या महिन्यांत एका व्याख्यानमालेंत शेक्सपिअरच्या शोकान्त नाटकांवर एका विद्वान् वक्त्यांचें भाषण ऐकण्याचा योग आम्हांस आला. वक्ते बहुश्रुत होते, वाणी रसाळ होती, आणि सहकुटुंब आलेल्या श्रोत्यांची दाटीहि चांगली होती. 'ऑथेल्लो'कडे वळतांच त्यांनीं एक विनोद केला. ते म्हणाले कीं, या नाटकांतील सारा अनर्थ एका हातरुमालानें केला. डेस्डिमोनेच्या झग्याला एक खिसा असता तर शेक्सपिअरला शेवटचे दोन अंक लिहितांच आले नसते! सभेंत हंशा पिकला. मग गंभीर होऊन वक्त्यांनीं असा निष्कर्ष सांगितला कीं, 'हॅम्लेट', 'मॅक्बेथ' यांच्या मानानें 'ऑथेल्लो'चें संविधानक लंगडें आहे, कारण त्याचा डोलारा निव्वळ योगायोगावर उभा आहे. सभा संपल्यावर आमच्या पुढें चाललेलें एक कुटुंब तोच विनोद पुनःपुन्हां उगाळीत घरीं जातांना आम्हीं पाहिलें, आणि तेव्हांच हा लेख लिहावयाचें ठरविलें. खोटा सिद्धान्त पंडितांच्या ग्रंथांत राहिला तर त्याची फारशी भीति नसते. तो हंशाच्या पाठीवर बसून घरोघर जाऊं लागला म्हणजे मात्र त्याला अडविणें भाग पडतें.

हा विनोद वक्त्यांचा स्वतःचा नव्हे. तो सव्वातीनशें वर्षांहून जुना आहे. टॉमस रायमर नांवाच्या इंग्रज टीकाकारानें १६९३ सालीं शोकान्त नाटकांवर एक पुस्तक लिहून त्यांत 'ऑथेल्लो'ची यथेच्छ टवाळी केली. एका रुमालासाठीं एवढा गहजब कशाला, या नाटकाला रुमालाचीच शोककथा कां म्हणूं नये, आणि सुगृहिणींनीं यांतून बोध घ्यावयाचा तो आपले कपडेलत्ते नीट सांभाळावे इतकाच, असा त्याच्या उपहासाचा मतितार्थ होता. रायमरला पुढच्या टीकाकारांनीं मोडींत काढलें. त्याचा रुमाल मात्र कोणीं टाकला नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं पडणाऱ्या मार्गदर्शिका उघडून पाहाव्या. नायकाला पांच पानें, इयागोला आठ पानें, आणि 'गौण पात्रें' या सदराखालीं एमिलियेस दहा ओळी: इयागोची पत्नी, डेस्डिमोनेची सोबतीण, स्वभावानें फटकळ, अंतःकरणानें चांगली; योगायोगानें सांपडलेला रुमाल नवऱ्यास देते; शेवटीं सत्य उघड करते. विद्यार्थी तेवढें पाठ करतो, परीक्षक गुण देतो, आणि नाटक दोघांच्याहि हातून निसटतें. हें पाप गेलीं तीस वर्षें आम्हींहि केलें आहे. म्हणून यापुढें जो कठोर शब्द येईल तो आमच्या स्वतःवरहि आहे असें वाचकांनीं समजावें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. 'ऑथेल्लो'चा शेवट रुमालानें ठरविलेला नाहीं, आणि एकट्या इयागोनेंहि ठरविलेला नाहीं. तो एमिलियेनें ठरविला आहे, आणि तोहि दोनदां: एकदां बोलावयास पाहिजे होतें तेथें गप्प राहून, आणि एकदां गप्प राहण्यांत जिवाची सुरक्षितता होती तेथें बोलून. पहिल्या वेळीं तिनें डेस्डिमोनेचा घात होऊं दिला. दुसऱ्या वेळीं तिनें ऑथेल्लोला त्याचा खरा शेवट दिला. या दोन क्षणांच्या मध्यें जें घडतें त्यांत योगायोगाचा भाग गुंजभर आहे.

ज्यांच्या वाचनांत हें नाटक बरेच दिवसांत आलें नसेल त्यांच्यासाठीं कथासूत्र सांगतों. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या सेवेंतील मूर सेनापति. डेस्डिमोना ही तेथील एका राजसभासदाची कन्या. बापाचा रोष पत्करून तिनें त्याच्याशीं विवाह केला आणि ती सायप्रस बेटावर आली. आपल्याला डावलून कॅसिओला बढती दिली म्हणून इयागो हा ऑथेल्लोचा हाताखालचा अधिकारी मनांत जळत असतो. डेस्डिमोना व कॅसिओ यांचा गुप्त संबंध असल्याचा संशय तो ऑथेल्लोच्या मनांत पेरतो, आणि पुराव्यादाखल ऑथेल्लोनें तिला दिलेली पहिली भेट, म्हणजे लाल फळांची नक्षी भरलेला रुमाल, कॅसिओच्या खोलींत नेऊन टाकतो. तो रुमाल इयागोच्या हातीं पोंचविणारी स्त्री म्हणजे त्याची पत्नी एमिलिया.

आतां हें कथानक शेक्सपिअरनें घेतलें कोठून तें पाहूं. कारण कवीनें मूळ कथेंत कोठें हात घातला हें कळलें म्हणजे त्याचें लक्ष कोठें होतें हें कळतें. जिराल्दी चिन्थिओ या इटालियन लेखकाचा कथासंग्रह १५६५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एक कथा 'ऑथेल्लो'चें मूळ होय. त्या कथेंत इयागोच्या जागीं असलेला निशाणदार आपल्या तीन वर्षांच्या मुलीला डेस्डिमोनेच्या हातांत देतो, आणि ती मुलीचें कौतुक करण्यांत गुंतली असतां तिच्या कमरपट्ट्यांतील रुमाल अलगद काढून घेतो. खिशाची सूचना करणाऱ्या वक्त्यांनीं याची नोंद घ्यावी. चोरानें मनांत आणल्यावर खिसा काय आणि कमरपट्टा काय! निशाणदाराच्या बायकोचा या चोरीशीं कांहीं संबंध नाहीं. मात्र नवऱ्याचा सारा कट तिला ठाऊक आहे. ती त्यांत सामील होत नाहीं, पण भीतीनें तोंडहि उघडीत नाहीं. पुढें मूर मेला, नवराहि मेला, आणि बोलण्यांत कसलाच धोका उरला नाहीं, तेव्हां घडलेली हकीकत लोकांना सांगते ती हीच बाई.

शेक्सपिअरनें या एका स्त्रीच्या बाबतींत तीन फेरफार केले. चोरीचें कृत्य नवऱ्याच्या हातून काढून तिच्या हातीं दिलें. कटाची पूर्ण माहिती तिच्यापासून काढून घेतली. आणि सर्व आटोपल्यावर बोलणाऱ्या बाईला त्यानें प्रेताशेजारीं उभी राहून, नवऱ्याच्या तलवारीसमोर बोलावयास लावलें. नाटकाचा पाया योगायोगावर उभारावयाचा असता किंवा खलपुरुषाचें कसब तेवढें दाखवावयाचें असतें, तर मूळची चोरी त्याला अधिक सोयीची होती. लहान मुलीचा असा उपयोग करणारा खल रंगभूमीवर किती शोभला असता! ती सोय टाकून देऊन त्यानें एका साध्या, सज्जन बाईचा हात मध्यें आणला. ज्या कवीनें एवढ्या विचारानें हा बदल केला त्याच्यावर योगायोगाचा आरोप करणें म्हणजे गवंड्यानें मुद्दाम बसविलेल्या कोनशिलेला वाटेंत पडलेला धोंडा म्हणण्यासारखें आहे.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश पाहा. ऑथेल्लो डोकें दुखत असल्याचें सांगतो. डेस्डिमोना रुमालानें तें बांधूं पाहते. तो झिडकारतो आणि रुमाल खालीं पडतो. हें पडणें योगायोगाचें खरें. परंतु पडलेला रुमाल उचलून मालकिणीच्या हातीं देणें ही सोबतिणीची रोजचीच चाकरी आहे. योगायोग येथें संपतो आणि मनुष्याचें कर्म सुरू होतें. एमिलिया त्या वेळीं एकटीच आहे, आणि आपल्याला काय काय ठाऊक आहे हें ती स्वतःच्या तोंडानें सांगते. ही मूराची पहिली आठवण आहे, हें तिला ठाऊक आहे. मालकीण या रुमालाचीं चुंबनें घेते, त्याच्याशीं बोलते, हें तिनें पाहिलें आहे. नवऱ्यानें तो चोरण्याविषयीं आपल्यामागें कितीदां लकडा लावला होता, हेंहि ती विसरलेली नाहीं. ठाऊक नाहीं तें एकच: नवऱ्याला तो हवा कशाला? नक्षीची नक्कल काढवून ती नवऱ्यास द्यावी असा तिचा प्रथम बेत दिसतो. म्हणजे मालकिणीचा रुमाल मालकिणीस, नवऱ्याची मर्जी नवऱ्यास, आणि आपण दोघांच्याहि बऱ्यांत! पण इयागो येतो, दोन शब्द गोड बोलतो, आणि अस्सलच हिसकावून घेतो. कांहीं महत्त्वाचें काम नसेल तर परत द्या, बिचारी वेडी होईल, एवढें ती म्हणते. अनर्थाची पूर्ण कल्पना तिला नाहीं हें आम्हांस कबूल आहे. पण मालकिणीला दुःख होईल याची कल्पना तिला आहे, आणि तेवढें दुःख नवऱ्याच्या समाधानासाठीं सहन करण्यासारखें आहे असा हिशेब तिनें केला आहे. तें दुःख दुसऱ्याचें होतें, इतकेंच.

तरीहि येथपर्यंत आम्ही एमिलियेस क्षमा करूं. खरी गोष्ट पुढच्या प्रवेशांत आहे, आणि तिच्याकडे आमचें लक्ष वेधलें तें गेल्या वर्षीं वर्गांतील एका विद्यार्थिनीनें. आम्ही ऑथेल्लोचा क्रोध, त्या रुमालाची जादूची कथा, डेस्डिमोनेची गाळण, हें सर्व रंगवून सांगत होतों. मुलगी उठून म्हणाली, "सर, पण या वेळीं एमिलिया तेथेंच उभी आहे ना?" आम्हीं पुस्तकांत पाहिलें. ती तेथेंच उभी आहे! प्रवेशाच्या आरंभीं डेस्डिमोना तिला विचारते कीं रुमाल कोठें बरें हरवला असेल, आणि ती उत्तर देते कीं आपल्याला ठाऊक नाहीं. मग ऑथेल्लो येतो, रुमाल मागतो, पुन्हां मागतो, तिसऱ्यांदां मागतो आणि संतापानें निघून जातो. हें सर्व एमिलियेच्या डोळ्यांदेखत घडतें. त्या क्षणीं तिनें एक वाक्य उच्चारलें असतें कीं, महाराज, रुमाल मला सांपडला व मीं तो माझ्या यजमानांस दिला, तर नाटक तेथेंच संपलें असतें. कॅसिओ त्या रुमालानें दाढी पुसत असल्याचें आपण पाहिलें, असें इयागोनें थोड्याच वेळापूर्वीं सांगितलें होतें; तो खोटा पडला असता. पण एमिलिया काय करते? मूर निघून गेल्यावर ती पुरुषजातीविषयीं एक मार्मिक सिद्धान्त सांगते! पुरुष बायकांना अन्नासारखें खातात आणि पोट भरल्यावर टाकून देतात, अशा अर्थाचें कांहीं तरी ती बोलते. सिद्धान्त खोटा आहे असें नव्हे. परंतु एक खरी गोष्ट सांगावयाची टाळण्यासाठीं दहा खऱ्या गोष्टी सांगणें ही युक्ति सुशिक्षितांच्या चांगलीच परिचयाची आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, ऑथेल्लोचा निश्चय तोंपर्यंत झाला होता. मागच्याच प्रवेशांत त्यानें सूडाची शपथ घेतली होती. मग एमिलियेच्या एका वाक्यानें काय झालें असतें? शपथ घेतली होती, हें खरें. पण ज्याला खात्री झाली आहे तो रुमालासाठीं तीन तीनदां हात पसरीत नाहीं. ऑथेल्लोची शपथ ज्या साक्षीवर उभी होती ती साक्ष एमिलियेच्या शब्दानें कोसळली असती. आणि चौथ्या अंकांत बिआंकेच्या हातीं तो रुमाल पाहून त्याचा उरलासुरला विवेक जातो, तो प्रसंगच निष्फळ झाला असता. दुसरा आक्षेप असा कीं, नवऱ्याविषयीं तिला शंका नव्हती, म्हणून ती दोषी नाहीं. याचें उत्तर आम्ही देण्याचें कारण नाहीं. एमिलियेनेंच दिलें आहे. चौथ्या अंकांत, खुद्द इयागो समोर उभा असतां, ती म्हणते कीं कोणी तरी पदलोभी, लांगूलचालन करणाऱ्या हरामखोरानें ही कुटाळकी रचली असली पाहिजे. इयागो म्हणतो, छे, असा मनुष्य असणें शक्य नाहीं. ती बरोबर चोराच्या दारापर्यंत जाते, पण कडी वाजवीत नाहीं. आणि शेवटच्या प्रवेशांत सर्व उलगडल्यावर ती ओरडते कीं आपल्याला तेव्हांच तसें वाटलें होतें. हे तिचे शब्द ज्यांनीं नीट वाचले असतील त्यांनीं तिला अजाण म्हणूं नये. तिला कळलें नव्हतें असें नाहीं. तिनें कळूं दिलें नव्हतें.

मधला एक प्रवेश तर मार्मिक वाचकांनीं पुनःपुन्हां वाचण्यासारखा आहे. मृत्यूच्या आदल्या घटकेस डेस्डिमोना विचारते कीं साऱ्या जगाच्या मोबदल्यांत तरी कोणी स्त्री नवऱ्याशीं बेइमानी करील काय. एमिलिया व्यवहारी उत्तर देते: एखाद्या अंगठीसाठीं, कापडाच्या तुकड्यासाठीं, झग्यासाठीं आपण तें करणार नाहीं, पण सारें जग म्हणजे मोठी किंमत झाली! वाचक हंसतात. परंतु ही बाई ज्या वेळीं कापडाच्या तुकड्यासाठीं बेइमानी करणार नाहीं म्हणत आहे, त्या वेळीं तिनें कापडाच्या एका तुकड्यानेंच बेइमानी केलेली आहे. तिनें मालकिणीचा विश्वास विकला, आणि किंमत घेतली ती नवऱ्याच्या कौतुकाच्या एका शब्दाची. याच प्रवेशांत नवरे चुकतात म्हणून बायका चुकतात, बायकांनाहि पुरुषांसारखींच मनें असतात, हें तिचें जोरकस भाषण आहे. १६२२ सालच्या 'क्वार्टो' प्रतींत तें भाषण नाहीं. १६२३ च्या 'फोलिओ'ंत आहे. 'फोलिओ'ंत ज्या सुमारें १६० ओळी जास्त आहेत त्यांतील बराचसा महत्त्वाचा भाग या प्रवेशाचा आणि एमिलियेच्या अखेरचा आहे. त्या ओळी मागाहून घातल्या कीं आधीं गाळल्या याविषयीं पंडितांत मतभेद आहे. पण इंग्रजी रंगभूमीवर अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत हा प्रवेश अनेकदां गाळला किंवा छाटला जाई, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. नायकाची गर्जना आणि खलाचें हास्य राखून एमिलियेस कापावयाचें, आणि मग नाटकांत योगायोग फार म्हणून कुरकुर करावयाची, हा न्याय विलक्षण आहे!

आतां पांचवा अंक. डेस्डिमोना मेली आहे. मरतांना तिनें नवऱ्यावरचा आरोपहि स्वतःवर घेतला आहे. ऑथेल्लो सांगतो कीं मीं तिला मारलें, ती व्यभिचारिणी होती, तुझ्या नवऱ्याला सर्व ठाऊक आहे. एमिलिया 'माझ्या नवऱ्याला?' एवढेंच विचारते, पुन्हां विचारते, पुन्हां विचारते. हें पुनरुच्चारण वाचतांना रसहीन वाटतें. पण रंगभूमीवर तोच या नाटकाचा कडेलोट आहे. तिनें इतके दिवस कळूं न दिलेली गोष्ट त्या एका शब्दाच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर तिच्या मनांत एकेक पायरी वर चढत आहे. मग ती आरडाओरडा करून माणसें जमविते. ऑथेल्लोच्या तलवारीला भीत नाहीं. इयागो येतो आणि घरीं जाण्याची आज्ञा करतो. नवऱ्याचें ऐकणें योग्य असलें तरी या घटकेस आपण तें ऐकणार नाहीं, असें ती जमलेल्या गृहस्थांना विनयानें सांगते. इतकेंच नव्हे, तर कदाचित् आपण आतां कधींच घरीं जाणार नाहीं हेंहि तिला कळून चुकलें आहे. तोंच ऑथेल्लोच्या तोंडून रुमालाचा उल्लेख निघतो. इयागो तलवार उपसतो. आणि एमिलिया तें वाक्य उच्चारते, जें तिनें तिसऱ्या अंकांत उच्चारावयास हवें होतें. त्या वेळीं त्याची किंमत नवऱ्याची नाराजी एवढीच होती. आतां त्याची किंमत प्राण आहे. ती देते. इयागो तिला भोंसकतो, आणि मालकिणीच्या शेजारीं निजविण्याची विनंति करून ती मरते.

कोणी म्हणेल कीं रॉडेरिगोच्या खिशांत पत्रें सांपडलींच होतीं. कॅसिओहि जिवंत होता. सत्य उद्यां बाहेर आलेंच असतें. आलें असतें, कदाचित्. पण तीं पत्रें कॅसिओच्या खुनाच्या कटाविषयीं होतीं. आणि रुमाल आपल्याला खोलींत सांपडला हें कॅसिओ सांगतो तें एमिलिया बोलून गेल्यावर. शिवाय, शोकान्त नाटकांत सत्य बाहेर येणें एवढेंच पुरत नाहीं. तें कोणाच्या तोंडून, कोणत्या किंमतीनें आणि कोणत्या घटकेस येतें याला सारें महत्त्व असतें. ऑथेल्लो स्वतःला खुनी समजत नव्हता, न्यायाधीश समजत होता. त्याच समजुतींत तो कैद होऊन व्हेनिसला गेला असता, तर आपल्यासमोर एका भ्रमिष्टाची हकीकत राहिली असती, शोकान्त नाटक नव्हे. नायकाला स्वतःची ओळख पटण्याचा जो क्षण ॲरिस्टॉटलनें एवढा मोलाचा मानला, तो क्षण ऑथेल्लोला त्याच्या शौर्यानें दिला नाहीं, बुद्धीनें दिला नाहीं. तो एका चाकरीच्या बाईनें दिला. त्यानंतर तो स्वतःवर शस्त्र चालवितो तें न्यायाधीशाच्याच हातानें. आरोपी मात्र बदललेला असतो.

आमच्या संस्कृत नाटकांत या प्रकाराला अगदींच तोड नाहीं असें नव्हे. 'शाकुन्तला'ची चर्चा करतांनाहि आम्ही सर्व दोष दुर्वासाच्या शापावर आणि हरवलेल्या अंगठीवर टाकून मोकळे होतों. पण शाप कोणाच्या कानीं पडला होता? अनसूया आणि प्रियंवदा या दोघींच्या. शकुंतला नाजुक मनाची, तिला हें कशाला सांगावें, म्हणून त्या दोघींनीं ती गोष्ट आपल्यापाशींच ठेविली. निरोपाच्या वेळीं राजानें ओळखण्यास विलंब केला तर अंगठी दाखीव, एवढेंच सुचविलें. अंगठीचें मोल शकुंतलेस कळलें असतें तर तिनें ती प्राणापलीकडे जपली नसती काय? सख्यांचें मौन प्रेमाचें होतें, एमिलियेचें सोयीचें होतें, हा भेद मोठा आहे. कालिदासाला शेवट गोड करावयाचा होता म्हणून त्यानें कोळ्याच्या हातीं अंगठी परतहि आणून दिली. परंतु दोन्ही महाकवींना एक गोष्ट सारखीच कळली होती. राजे, सेनापति, ऋषि यांच्या हातून गोष्टी घडतात हें खरें. पण त्या कशा संपतात हें पुष्कळदां बाजूला उभीं असलेलीं, कोणीं न विचारलेलीं माणसें ठरवितात.

एमिलियेकडे पूर्वींच्या सर्वच टीकाकारांनीं दुर्लक्ष केलें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. डॉ. जॉन्सन यांनीं फार पूर्वीं तिचें मर्म ओळखलें होतें: तिचा सद्गुण अंगावर सैल घातलेल्या वस्त्रासारखा आहे, तो ती टाकीत नाहीं, पण लहानसहान दोषांना त्यांतून वाट मिळते, घोर पातक दिसलें कीं मात्र ती खडबडून जागी होते, असा त्यांचा अभिप्राय. ब्रॅडले यांनींहि १९०४ सालीं, नाटकाच्या ओघांत तिच्याविषयींचें आपलें मत केवढें पालटतें, हें दाखविलें. तरीहि आमचें बोट जेथें आहे तेथें त्यांनीं तें ठेविलें नाहीं. जॉन्सन यांच्या लेखीं लहान दोष आणि घोर पातक हीं दोन निराळीं आहेत. नाटक दाखवितें कीं पहिल्याच्याच पायऱ्यांवरून दुसरें वर चढतें. मराठींत महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं १८६७ सालीं हें नाटक आणलें, देवलांनीं १८९० सालीं 'झुंझारराव' म्हणून त्याला महाराष्ट्रीय वेष दिला, वि. वा. शिरवाडकरांनीं १९६१ सालीं त्याचा पुन्हां अनुवाद केला. गणपतराव जोशी यांच्या झुंझाररावाची कीर्ति आमच्या आजोबांच्या तोंडून आम्हीं ऐकलेली आहे. पण नायकाच्या पत्नीच्या सोबतिणीचें काम कोणीं केलें, तें कसें झालें, याविषयीं त्यांच्या तोंडून कधीं एक अक्षर निघालें नाहीं. एवढ्यावरून आम्ही शेक्सपिअर कसा पाहत आलों याची कल्पना येईल.

वाचक विचारतील कीं, तीन चार शतकांपूर्वींच्या एका पात्राविषयीं एवढी आग कां? सांगतों. रुमालावर दोष टाकला कीं कोणीच दोषी राहत नाहीं. इयागोवर टाकला कीं तो एकटा दोषी ठरतो, आणि आपण कांहीं इयागो नाहीं, म्हणून आपण सुटतों. दोष एमिलियेपर्यंत पोंचला म्हणजे मात्र प्रेक्षागृहांतील प्रत्येकाला खुर्चींत अस्वस्थ व्हावें लागतें. कारण आपण सर्व सुशिक्षित, सभ्य, कुटुंबवत्सल माणसें एमिलियेच्याच जातीचीं आहोंत. घरांतल्या सुनेवर आळ येतो तेव्हां सत्य ठाऊक असलेली एक जाऊ माजघरांत असतेच. कचेरींत निरपराधी कारकुनाचा बळी जातो तेव्हां खरा कागद पाहिलेला एक शेजारी असतोच. आपल्याला काय करावयाचें आहे, आपल्याला कोणीं विचारलें नाहीं, हीं त्यांचीं वाक्यें इयागोच्या कोणत्याहि वाक्याइतकींच प्राणघातक असतात.

हें आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही ज्या संस्थेंत होतों तेथें, एका तरुण अध्यापकावर परीक्षेची प्रश्नपत्रिका फोडल्याचा प्रवाद आला. ज्या सायंकाळीं तें कृत्य झालें असें म्हणत, त्या सायंकाळीं तो आमच्याच घरीं आमच्या आजारी मुलाच्या उशाशीं बसलेला होता. आम्हांस कोणीं विचारलें नाहीं. आम्हींहि आपण होऊन सांगितलें नाहीं. वरिष्ठांचें मत बनलें होतें, आमची बढती त्यांच्या हातीं होती, आणि चौकशींत खरें तें बाहेर येईलच, अशी आम्ही स्वतःची समजूत घालीत राहिलों. चौकशी झालीच नाहीं. तो राजीनामा देऊन गेला. जातांना आमच्या मुलाची प्रकृति कशी आहे हें विचारावयास मात्र विसरला नाहीं. पुढें ते वरिष्ठ निवृत्त झाल्यावर आम्हीं संस्थेस एक सविस्तर पत्र लिहून सत्य कळविलें. त्या पत्रानें आमचें कांहींच जाणार नव्हतें, आणि त्याला कांहीं मिळालेंहि नाहीं. म्हणून एमिलियेशीं बरोबरी सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमची जागा चिन्थिओच्या कथेंतील त्या निशाणदाराच्या बायकोपाशीं आहे, जी सर्व मेल्यावर बोलली.

तेव्हां खिशाचा विनोद ऐकून हंसत घरीं गेलेल्या त्या कुटुंबाला आमची एक विनंति आहे. एखाद्या रविवारीं तिसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश सर्वांनीं मिळून मोठ्यानें वाचावा. एकानें ऑथेल्लो व्हावें, एकीनें डेस्डिमोना; आणि घरांतल्या सर्वांत शहाण्या माणसाला एमिलियेचें काम द्यावें. ऑथेल्लो रुमाल मागत असतांना तिच्या वांट्याला एकहि वाक्य नाहीं. तेवढा वेळ त्यानें नुसतें उभें राहावें आणि ऐकावें.